खेळाडूंना बोलते करणारे राव

मैदान सोडून बरीच वर्षे झालेल्या खेळाडूला एखादी बँक किंवा कंपनी रीतसर फी देऊन तासभर बोलायला बोलावते, तेव्हा समोर बसलेल्या माणसांना त्याच्याकडून नेमके काय हवे असते? त्याचा खेळ संपलेला असतो. त्याच्या विजयाची हकीकत बहुतेकांना ठाऊक असते, आणि ज्यांना नसते त्यांना ती छापील कागदावर चहा पिता पिता वाचता येते. मग तास कशाचा आणि फी कशाची? हा प्रश्न मला चेन्नईत पडला, दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांत, आणि तो एका माणसामुळे पडला. वर्गात मी उदाहरण आधी देते आणि नियम मागून सांगते. येथेही तोच क्रम ठेवते. उदाहरणाचे नाव राव.

पूर्ण नाव त्र्यंबक राव. तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यांपैकी एक. आजोबांच्या वेळी कुटुंब चेन्नईला आले आणि येथलेच झाले. राव एका टायरच्या कारखान्यात कर्मचारी कल्याण विभागात होते. त्या काळी कचेऱ्याकचेऱ्यांचे संघ असत, त्यांचे सामने भरत, आणि ते भरवण्याचे काम रावांकडे होते. मैदान ठरवणे, पंच बोलावणे, लिंबाचे सरबत पुरवणे आणि हरलेल्या संघाची समजूत काढणे, असे त्या कामाचे स्वरूप होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी पश्चिम मांबलममध्ये, कॉफीचे बी दळून देणाऱ्या एका दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत, एक नवा व्यवसाय मांडला. कंपन्यांना वक्ते हवे असत. रावांना निवृत्त खेळाडू माहीत होते. ते या दोघांची गाठ घालून देत. खोलीत एक टेबल, दोन टेलिफोन आणि खालून सतत येणारा कॉफीचा वास. आलेला माणूस कॉफी न पिता परत जाणे त्या जागेत अशक्यच होते.

त्यांची मराठी मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटले, एखादे जुने पुस्तक बोलू लागले आहे आणि मध्येच तमिळ गाऊ लागले आहे. 'मला' ऐवजी ते 'मज' म्हणत, 'मी सांगितले' ऐवजी 'मी सांगितलों' म्हणत, आणि वाक्याचे शेपूट तमिळ सुरात वर नेऊन सोडत. मी ती जशी ऐकली तशीच लिहिते आहे. बहुतेकांशी ते तमिळमध्ये बोलत, ते बोलणेही येथे त्यांच्याच मराठीत देते. शाळेच्या शुद्धलेखनात ती बसणार नाही. पण ती मराठी माझ्या मराठीपेक्षा वयाने मोठी आहे, म्हणून मी तिच्यावर लाल शाई चालवली नाही.

अंगकाठी लहान, पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, कपाळावर अंगाऱ्याची बारीक उभी रेघ, आणि ऊन असो वा नसो, हातात छत्री. खेळाडूंच्या सहवासात आयुष्य गेले तरी रावांनी स्वतः कोणताही खेळ खेळला नव्हता. चेंडूची त्यांना भीती वाटे. एकदा आमच्या शाळेच्या मैदानाच्या कडेने चालताना मुलांचा फुटबॉल आमच्या दिशेने आला, तेव्हा राव छत्री उघडून तिच्यामागे उभे राहिले. मुले हसली. रावही हसले आणि म्हणाले, "टीचर, मी पाहणारा. पाहणाऱ्यास चेंडू लागूं नये, हा खेळाचा पहिला नियम."

ते मला 'टीचर' म्हणत. तमिळनाडूत शिक्षिकेला हाक मारण्याची ती साधी रीत आहे, आणि 'सर'चा उच्चार तेथे 'सार' असा होतो. मी चेन्नईजवळच्या आवडी या गावी राहत असे. माझे यजमान तेथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात आणि मी वसाहतीतल्या शाळेत. रावांची आणि माझी ओळख झाली ती शाळेच्या क्रीडादिनामुळे. पाहुणे आणण्याचे काम माझ्याकडे होते. आमच्या प्राचार्यांना क्रिकेटपटू हवा होता. राव म्हणाले, "क्रिकेटवाला येईल, सही देईल, जाईल. मी तुम्हांस बोलणारी बाई देतों." त्यांनी सरस्वती नावाच्या एक निवृत्त धावपटू आणल्या.

त्या दिवशी रावांची पहिली सवय कळली. कार्यक्रमाच्या आधी तासभर येऊन त्यांनी मंडपातला पुढचा सोफा उचलायला लावला.

"अहो, सोफा प्रमुख अतिथींसाठी आहे," प्राचार्य म्हणाले.

"सार, सोफ्यावर बसलेला माणूस पाठ टेकतो. पाठ टेकली कीं कान टेकले. तो मागें ठेवा, तेथें ज्यांस झोंप हवी ते बसतील."

प्राचार्यांना राग आला असावा, पण सोफा एव्हाना दोन शिपायांच्या हातांवर होता. सरस्वतीबाई बोलायला उभ्या राहिल्या. आपल्या पदकांविषयी त्या बोलल्याच नाहीत. त्या म्हणाल्या, "शर्यत सुटण्याआधी सगळ्या समोर पाहतात. मी कधी पाहिले नाही. समोर पाहिले की शेवटची रेषा फार लांब वाटे. मी माझ्या पट्ट्यावर एखादी मुंगी शोधत असे. मुंगी सापडली की मन तिच्यामागे जाई, आणि तेवढ्यात पिस्तूल वाजे." पुढच्या आठवड्यात पाचवीच्या मुलांची शर्यत लावली, तर सगळी मुले रेषेवर वाकून जमिनीकडे पाहत होती. खेळाच्या सरांनी शिट्टी वाजवली तरी दोघे हलले नाहीत. त्यांना मुंगी सापडली नव्हती.

ही गोष्ट मी रावांना सांगितली तेव्हा त्यांनी ती टेलिफोनवरून त्याच दिवशी निम्म्या मांबलमला सांगितली. हीच त्यांची दुसरी सवय, आणि पुढे जे घडले ते या सवयीमुळे घडले, म्हणून येथे नोंदवते. चांगली हकीकत रावांच्या पोटात राहत नसे. ती ते कॉफीच्या दुकानदाराला सांगत, टपालवाल्याला सांगत, ज्या कंपनीत तो वक्ता जाणार तिलाही सांगत. सांगताना आवाज खाली आणत, जणू गुपित आहे. आणि समोरचा ऐकत आहे असे दिसले की पुन्हा पहिल्यापासून सांगत.

वक्ता निवडण्याची त्यांची पद्धत मात्र पक्की होती. खेळाडू खोलीवर आला की कॉफीचा पेला त्याच्यापुढे ठेवायचा आणि तो वाटीत ओतून निववत असताना एकच विचारायचे: "सामना संपल्यावर, त्या दिवशीं, तुम्ही काय केलांत?" सामन्याविषयी विचारायचे नाही. जो म्हणे "काही नाही, हॉटेलवर गेलो," त्याला राव आणखी एक कॉफी देत आणि थांबत. एक बुजुर्ग फिरकी गोलंदाज या प्रश्नावर चिडले होते. "मी बळी घेतले ते विचारा ना!" राव शांतपणे म्हणाले, "बळी साऱ्या गांवानें पाहिलें, सार. जें गांवानें पाहिलें त्याची फी मी कशी मागूं?"

फीच्या बाबतीत ते कडक होते. आपल्याकडे खेळाडूला बोलावताना बरेच जण गृहीत धरतात की शाल, नारळ आणि स्मृतिचिन्ह दिले की झाले. रावांना शालीचा राग होता. "चेन्नईंत शाल! येथें माणसास अंगावरचा सदरा जड होतो. ह्या लोकांच्या घरीं शालींचा ढीग पडला आहे, त्यावर मांजर निजतें." वक्त्याने तयारी करायची, वेळ द्यायचा, घसा कोरडा करायचा, मग डॉक्टरला आणि वकिलाला देतात तशी फी त्याला का नको, असे ते विचारत. ती व्यासपीठावर पाकिटातून देऊ देत नसत. "सगळ्यांसमोर दिलें कीं बक्षीस होतें. हें बक्षीस नाहीं."

कंपन्यांच्या लोकांशी त्यांचे संवाद ऐकण्यासारखे असत. एकदा मी खोलीवर असताना एका सॉफ्टवेअर कंपनीची तरुण अधिकारी आली होती. तिने स्वच्छ तमिळ-इंग्रजीत सांगितले की वक्त्याने चाळीस मिनिटे बोलावे आणि शेवटी प्रत्येकाला घरी नेण्यासारखे पाच मुद्दे द्यावेत.

राव म्हणाले, "पार्सल पाहिजे कां, अम्मा?"

ती गोंधळली. मग हसू लागली. "हो अंकल, पार्सलच समजा."

"मग त्यास खालीं हॉटेलांत सांगतों. माझा माणूस पानावर वाढतो. बसून जेवावें लागतें."

ती मुलगी रागावली नाही. पुढे दर वर्षी ती रावांकडेच येत असे, आणि आली की दारातूनच "अंकल, पार्सल नको!" म्हणून ओरडत असे.

एक दोष सांगायचा राहिला. रावांना प्रत्येक खेळाडूबरोबर छायाचित्र काढून घ्यायची हौस होती, आणि प्रत्येक छायाचित्रात त्यांचे डोळे मिटलेले असत. खोलीच्या एका भिंतीवर देशाचे नामवंत खेळाडू आणि त्यांच्याशेजारी निद्रिस्त राव अशी रांगच होती. पाहुणे विचारत, तेव्हा ते गंभीरपणे म्हणत, "तेज सहन होत नाहीं."

आता लूर्दूंकडे येते.

लूर्दूसामी हे हॉकीचे गोलरक्षक. पेरंबूरच्या रेल्वे वसाहतीत वाढले, रेल्वेच्या संघातून खेळले, रेल्वेतच नोकरी केली आणि निवृत्तीनंतर त्याच वसाहतीजवळ राहिले. संध्याकाळी रेल्वेच्या मैदानावर मुलांना शिकवीत. जुन्या हॉकी शौकिनांना त्यांचे नाव एका कारणासाठी आठवे. एका मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, बरोबरी असताना, अगदी अखेरीस त्यांच्या संघाविरुद्ध पेनल्टी स्ट्रोक मिळाला. म्हणजे मारणारा एक आणि अडवणारा एक. बाकी सारे दूर उभे. चेंडू सुटण्यापूर्वीच लूर्दू डावीकडे झुकले. चेंडू उजवीकडून आत गेला. प्रेक्षकांनी आपल्याच गोलरक्षकावर चपला फेकल्या. त्यानंतर लूर्दू कित्येक वर्षे खेळले, चांगले खेळले, पण कोणत्याही समारंभाला गेले नाहीत. सत्काराची बोलावणी आली की ताप आला म्हणून कळवीत.

एका बँकेच्या प्रशिक्षण केंद्राला वर्षभराच्या वर्गांसाठी वक्ते हवे होते. रावांनी पहिला वक्ता म्हणून लूर्दूंचे नाव सुचवले. केंद्राचे संचालक वैद्यनाथन यांनी आधी नकारच दिला. गोलरक्षक कोण ऐकणार, हा त्यांचा प्रश्न. रावांनी शब्द दिला: हा माणूस पडला तर पुढे तुम्ही म्हणाल तो क्रिकेटपटू आणीन.

मग ते पेरंबूरला गेले आणि मलाही बरोबर नेले, कारण माझी आवडीला जाणारी गाडी पेरंबूरवरूनच जाते आणि, त्यांच्या शब्दांत, "तुम्ही हजार पोरांची पाठांतरें ऐकलांत, तुम्हांस खरें बोलणें कळेल."

दार लूर्दूंच्या पत्नीने, स्टेलाबाईंनी उघडले. राव कशासाठी आले ते ऐकून त्या हसत सुटल्या.

"ह्यांना? भाषणाला? सार, आमटीत मीठ नाही हे सांगायला ह्यांना दोन दिवस लागतात. तोवर आमटी संपते."

लूर्दू आतून आले. उंच, खांदे अजून रुंद, गुडघे मात्र बोलत होते. त्यांनी रावांचे म्हणणे ऐकून घेतले. रावांनी नेहमीचा प्रश्न विचारला. लूर्दूंनी रावांना खुर्ची दिली आणि स्वतः समोर बसले. मग म्हणाले, "सार, ती गोष्ट सगळ्यांनी माझ्याविषयी सांगितली. पेपरवाल्यांनी सांगितली, समालोचकाने सांगितली, माझ्या मेहुण्याने तर माझ्याच लग्नाच्या वाढदिवशी सांगितली. मी एकदाही सांगितलेली नाही."

"मग सांगा कीं."

"एकदाच सांगेन. माझ्या तोंडाने. नाही जमले तर मला पुन्हा बोलावू नका, आणि लोकांनी काय सांगायचे ते सांगत राहू दे. मी समजेन की तेच खरे."

स्टेलाबाईंचे हसू थांबले होते. राव एवढेच म्हणाले, "सरि." तमिळमधल्या या शब्दाचा अर्थ 'ठीक' असा आहे.

नंतरचे काही आठवडे लूर्दू पश्चिम मांबलमला येत आणि कॉफी पिता पिता थोडे थोडे सांगत. राव मान डोलवत ऐकत. कधी कधी मीही असे. हकीकत हळूहळू आकाराला आली. स्ट्रोक, चपला, परतीची बस, पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मैदानावर उतरणे आणि जिंकणे. साधी होती, पण त्यांची होती.

कार्यक्रम एका शनिवारी दुपारी होता. स्टेलाबाई आणि मी मागच्या बाजूला शेजारी बसलो होतो. त्यांनी रेशमी साडी नेसली होती आणि हातात जपमाळ होती. राव शेवटच्या रांगेत. सोफा अर्थातच बाहेर गेला होता. प्रार्थना झाली, दीपप्रज्वलन झाले, स्वागत झाले. मग वैद्यनाथन परिचय करून द्यायला उठले.

वैद्यनाथन हे अतिशय कसोशीचे गृहस्थ. ज्या वक्त्याला त्यांनी नाकारले होते, त्याचा परिचय तरी उत्तम व्हावा म्हणून त्यांनी मनापासून तयारी केली होती. त्यांनी आधी रावांना चहाला बोलावून विचारले होते, "ह्या लूर्दूंविषयी जरा काही सांगा ना." आणि रावांनी आवाज खाली आणून सांगितले होते. सारेच सांगितले होते.

आम्हाला हे ठाऊक नव्हते. आम्हाला कळले ते वैद्यनाथन यांच्या तिसऱ्या वाक्याला. "मित्रहो, कल्पना करा, अंतिम सामना. बरोबरी. शेवटचे क्षण. आणि पेनल्टी स्ट्रोक!"

मी मागे वळून पाहिले. राव उभे राहिले होते. ते मोठ्याने खोकले. वैद्यनाथन यांनी सहानुभूतीने थांबून शिपायाला पाणी न्यायला सांगितले आणि पुढे बोलू लागले. रावांनी छत्री वर करून हलवली. पुढच्या रांगेतल्या एका अधिकाऱ्याला वाटले की पंखा वाढवायला सांगताहेत. त्याने पंखा वाढवला. शेवटी रावांच्या हातून एक खुर्ची आडवी पडली. त्या आवाजाचाही उपयोग झाला नाही. वैद्यनाथन चांगले वक्ते होते आणि हकीकत चांगली होती. स्ट्रोक झाला, चेंडू आत गेला, चपला आल्या. त्यांनी स्वतःच्या पदरचेही थोडे घातले: "आणि मित्रहो, दुसऱ्याच दिवशी पहाटे, सूर्य उगवण्याआधी, हा वीर पुन्हा मैदानावर सरावाला हजर होता! पुढच्या वर्षी करंडक त्याच्या हातात होता! अपयशाने खचू नका, हाच त्यांचा संदेश. आता तोच संदेश त्यांच्या तोंडून ऐकू या."

टाळ्यांचा कडकडाट झाला. स्टेलाबाईंनी माझे मनगट धरले. "संपलं सगळं," त्या पुटपुटल्या. "आता हे काय सांगणार?"

लूर्दू माइकसमोर आले. टाळ्या थांबल्या. ते बोलेनात. आमच्याकडे स्नेहसंमेलनात पाठांतर विसरलेले मूल जसे समोर पाहते तसे ते पाहत होते. मला ठाऊक आहे की अशा वेळी कुणी मागून शब्द सुचवला तर मूल रडते. सुचवला नाही तर कधी कधी सावरते. राव काही सुचवायला गेले नाहीत. ते पडलेल्या खुर्चीशेजारी तसेच उभे होते.

"साहेबांनी छान सांगितले," लूर्दू अखेर म्हणाले. "माझ्यापेक्षा छान. फक्त एक चुकले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी मैदानावर नव्हतो."

पुढच्या रांगेतल्यांनी वैद्यनाथन यांच्याकडे पाहिले.

"मी झोपलो होतो. दुपारपर्यंत. बायकोने उठवले, म्हणून उठलो. ती म्हणाली, भात निवतो आहे."

प्रथम कुणीतरी एकटेच हसले, मग सगळे. वैद्यनाथनही हसले. स्टेलाबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकले.

"आणि मी डावीकडे का झुकलो, ते साहेबांना माहीत नाही, कारण ते मी कुणाला सांगितलेले नाही. राव सारांनाही नाही." येथे लूर्दूंनी माइक बाजूला केला. त्यांना माइकची गरज नव्हती. "तुम्ही सामना पाहता तेव्हा गोलरक्षक तुम्हाला गप्प उभा दिसतो. तो गप्प नसतो. सगळे मैदान त्यालाच दिसते, म्हणून तो सगळा वेळ बोलत असतो. डावीकडे सरक, मागे माणूस आहे, सोड, घे, थांब! घरी मी बोलत नाही, कारण दिवसाचे बोलणे मैदानावर संपते. स्ट्रोकच्या वेळी मात्र माझी माणसे लांब उभी करतात. बोलायला कुणी नाही. तेवढी शांतता मला कधी सवयीची नव्हती. ती मला सहन झाली नाही, म्हणून मी हललो. चेंडू यायच्या आधी. आत्ता इथे तुम्ही सगळे गप्प झालात, तेव्हा मला तेच झाले."

मग ते म्हणाले, "बोलू का मैदानावरच्यासारखे?"

"बोला!" कुणीतरी ओरडले.

आणि त्या माणसाने आवाज सोडला. "मधला रस्ता मोकळा करा, मागून चहा येतो आहे! निळा शर्ट, डावीकडे! बाई, तुमच्या मागे, मागे!" लोक खरोखर वळले. चहाची ढकलगाडी खरोखर येत होती. निळ्या शर्टवाल्याने पाय आत घेतले. "शाब्बास! साहेब, तुम्ही जागा सोडली आहे, जागेवर या!" वैद्यनाथन आज्ञाधारकपणे आपल्या खुर्चीवर जाऊन बसले. हशा ओसरल्यावर लूर्दू शांत आवाजात पुढे बोलत राहिले. मागे उभा असलेला माणूस पुढच्याला काय सांगू शकतो, कधी सांगू नये, आणि सांगूनही गोल झाला तर पुढच्या क्षणी कोणता शब्द उच्चारायचा, हे सांगितले. तो शब्द कोणता, असे एका तरुण अधिकाऱ्याने विचारले. "माझ्या बचावपटूचे नाव," लूर्दू म्हणाले. "फक्त नाव. शिवी नाही. नाव ऐकले की त्याला कळते, मी अजून इथेच आहे."

चहाच्या वेळी राव लूर्दूंसमोर गेले. त्यांचा चेहरा उतरला होता. "लूर्दू, मी चुकलों. तुमची गोष्ट मी आधींच देऊन टाकलों. ती तुमची होती."

लूर्दूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "सार, साहेबांनी ती सांगितली म्हणून माझी सुटका झाली. कॉफी पिताना मी जे तुम्हाला सांगत होतो ते मीही पेपरातच वाचलेले होते. माझे काय होते ते आज, इथे आल्यावर कळले."

"आणि ती झोपेची गोष्ट काढलीत ती कुणाला विचारून?" स्टेलाबाई मध्येच म्हणाल्या. "सगळ्या बँकेला कळलं, आमच्याकडे दुपारपर्यंत लोळतात म्हणून. भात मात्र गरम होता, हे सांगायला हवं होतं."

बँकेने वर्षभर रावांचेच वक्ते घेतले, आणि त्यांतले निम्मे क्रिकेटपटू नव्हते. रावांनी आपल्या पद्धतीत एक दुरुस्ती केली. परिचय करून देणारा "काही सांगा ना" म्हणाला, की ते आवाज खाली आणून फक्त एवढेच सांगत, "त्यांस दहीभात आवडतो." त्यामुळे त्या वर्षांत चेन्नईतल्या कित्येक सभागृहांत नामवंत खेळाडूंचा परिचय दहीभाताने संपत असे. एका टेनिसपटूंना दही वर्ज्य होते. त्यांनी व्यासपीठावरून तसे सांगितले आणि तेथूनच त्यांचे भाषण रंगले. हकीकती पोटात ठेवणे रावांना जड जाई हे स्पष्ट दिसे. कार्यक्रम संपला, शेवटचे वाक्य झाले, की ते जवळच्या माणसाचा हात धरून सांगायला सुरुवात करत. त्याने ती हकीकत आत्ताच ऐकलेली असे, पण राव सांगत ती तो पुन्हा ऐके.

रावांना मी शेवटचे पाहिले ते त्या दशकाच्या अखेरीस, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. लूर्दू बोलणार होते. आता ते महिन्यातून अनेकदा बोलत. माझी तेव्हा नागपूरला बदली झाली होती आणि सामान बांधणे चालू होते. भाषण झाले, जेवण झाले. तेथे हात धुण्याच्या जागी बेसिनची लांब रांग होती आणि माणसे एकमेकांकडे न पाहता, आरशात पाहून बोलत होती. राव त्या रांगेतून हळूहळू पुढे सरकत होते. प्रत्येक बेसिनशी थांबत, साबण घेत आणि शेजारच्याला आरशातूनच विचारत, "काय सांगितलें हो त्यांनीं? मज नीट ऐकूं आलें नाहीं." त्यांना सारे नीट ऐकू येत होते. एक म्हणाला, नाव घेऊन हाक मारायची. एक मुलगी म्हणाली, दुपारपर्यंत झोपले तरी चालते. तिसऱ्याने नुसते ओले हात हवेत नाचवून "मागे माणूस आहे!" म्हणून दाखवले. करंडकाचे नाव कुणी घेतले नाही. राव पुढच्या बेसिनकडे गेले. इतके वेळा साबण लावल्याने त्यांची बोटे पांढरी पडली होती आणि चेहऱ्यावर परीक्षेत पैकीच्या पैकी मिळालेल्या मुलाचे समाधान होते. मी हाक मारली नाही. ते कामात होते.

आता नियम. माझ्या मते श्रोत्यांना विजय नको असतो. तो त्यांच्याजवळ आधीपासून असतो. प्रेक्षकांच्या जागेवरून जे दिसू शकत नव्हते, ते खेळणाऱ्याकडून ऐकायचे असते, आणि रास्त फी असेल तर ती त्यासाठीच असते. परंतु हा नियम मी एका शहरातल्या एका माणसाच्या मागे फिरून काढला आहे. तो पुरेसा तपासलेला नाही. तुमच्या गावात किंवा कचेरीत असा कार्यक्रम होईल तेव्हा दुसऱ्या दिवशी चार जणांना विचारा की काल काय ऐकले. ते जे सांगतील ते माझ्या म्हणण्याशी जुळते की नाही, हे कृपया तुम्ही स्वतः पाहा.